येसकर हे आडनाव आले कोठून?

नवी ओळख झाली की आपल्याकडे नाव विचारून कोणी थांबत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "आडनाव काय?" भाड्याची खोली पाहायला गेलेला तरुण असो, शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गात उभा राहिलेला मुलगा असो, की सोयरिकीची बोलणी असोत, आडनाव कळले की समोरचा माणूस मनातल्या मनात हिशेब करतो आणि त्याच्या बोलण्याचा सूर बदलतो. म्हणूनच आमच्या कितीतरी घरांत आडनाव हा हळू आवाजात बोलण्याचा विषय होऊन बसला आहे. अशाच एका आडनावाविषयी आज आम्हांला वाचकांशी मोकळेपणाने बोलायचे आहे. ते आडनाव म्हणजे येसकर. कोणी वेसकर लिहितात, कोणी येसकर लिहितात. त्याचा सख्खा भाऊ शोभेल असे दुसरे आडनाव म्हणजे तराळ.

ही आडनावे कामावरून पडली. पण महाराष्ट्रात कामावरून पडलेली आडनावे काय थोडी आहेत? गावचा कारभार पाहणारा तो पाटील, गावचे दप्तर लिहिणारा तो कुलकर्णी, नाणी पारखणारा तो पोतदार. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी ही तर उघडच कामाची नावे. आमच्या नाशिकची तांब्यापितळेची भांडी एके काळी दूरवर जात. ती घडविणारे ते तांबट. यांतले एकही आडनाव सांगताना कोणाची मान खाली जात नाही. मग येसकर म्हणताना का जावी? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी गावाच्या वेशीपर्यंत जावे लागेल.

वेस आणि येस

वेस म्हणजे गावाचा दरवाजा. पूर्वी लुटारूंचे आणि लष्करी फौजांचे भय असे. म्हणून गावाभोवती मातीची किंवा दगडाची भिंत घालीत. तिला गावकूस म्हणतात. या गावकुसाला आत-बाहेर जाण्यासाठी जो मोठा दरवाजा ठेवीत ती वेस. शहराला दरवाजे आणि गावाला वेस. जुन्या नाशकात दिल्ली दरवाजा, नाव दरवाजा ही नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत. खेड्यापाड्यांत भिंत केव्हाच पडली, तरी "वेशीपाशी भेटू" असे माणसे म्हणतातच.

या वेशीवर राहणारा, तिची राखण करणारा तो वेसकर. ग्रामीण बोलीत शब्दारंभीचा 'वे' पुष्कळदा 'ये' होतो. वेळ म्हणायचे तेथे येळ म्हणतात, वेडा म्हणायचे तेथे येडा म्हणतात. त्याच चालीवर वेस झाली येस आणि वेसकर झाला येसकर. म्हणजे ही दोन आडनावे वेगळी नाहीत. एक पुस्तकी उच्चाराचे आणि दुसरे घरच्या उच्चाराचे, एवढाच फरक.

येथे एक गफलत पुष्कळांची होते. आडनावाच्या शेवटी 'कर' आला की तो गावाचा समजायचा, अशी आपल्याला सवय आहे. आंबडवे गावावरून आंबेडकर झाले, हे तर लहान मुलालाही ठाऊक असते. त्यामुळे येसकर म्हणजे 'येस' नावाच्या कोठल्याशा गावचे, असे काहींना वाटते. पण हा 'कर' गावाचा नसून वेशीचा आहे. मोल्सवर्थ साहेबांच्या एकोणिसाव्या शतकातल्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात वेसकर हा शब्द गावच्या दरवाजावरील माणूस याच अर्थाने नोंदलेला आहे.

येसकराचे काम काय होते?

गावगाड्यात हे काम महार समाजाकडे होते. संध्याकाळी वेस लावायची, रात्री जागता पहारा ठेवायचा, पहाटे वेस उघडायची. गावात कोण परका आला, कोठे उतरला, केव्हा गेला, हे पाटलाला सांगायचे. लोकांना चावडीवर बोलावून आणायचे. सरकारी साऱ्याची रक्कम तालुक्याला पोचवायची. टपाल पुढच्या गावी न्यायचे. अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे वाट दाखवीत पळायचे. कोणी मेले तर ऊन असो की पाऊस असो, पै-पाहुण्यांच्या गावोगाव जाऊन निरोप द्यायचा. मेलेले जनावर ओढून न्यायचे. शिवाराच्या हद्दीचा तंटा उभा राहिला की हद्द कोठून कोठे जाते हे सांगायलाही महारच पुढे. गावची इंच इंच जमीन त्याला तोंडपाठ असे आणि त्याची साक्ष मानली जाई. हातात घुंगरू बांधलेली काठी, ही येसकराची खूण होती.

आता विचार करा. गावाची राखण, खजिन्याची ने-आण, हद्दीची साक्ष. यांतले कोणते काम हलके आहे? ज्याच्यावर विश्वास नाही, त्याच्या हाती कोणी रात्रीची वेस देईल काय? सरकारी पैसा देईल काय? सगळा गाव ज्याच्या जागण्यावर निर्धास्त झोपत होता, त्या माणसाला मात्र झोपायला जागा वेशीच्या बाहेर होती. येसकर या आडनावातले दुःख येथे आहे.

या कामाचा मोबदला म्हणजे बलुते. सुगीत खळ्यावर धान्याचा वाटा आणि रोज दारोदार फिरून मिळणारी भाकरी. घरातली बाई टोपली घेऊन फिरे. भाकरी ताजी की शिळी हे देणाऱ्याच्या मर्जीवर. शिवाय वतनाचा जमिनीचा एखादा तुकडा. महारांच्या घरांत हे काम पाळीने फिरत असे. ज्याची पाळी तो त्या मुदतीपुरता गावचा येसकर. पुढे शाळेच्या हजेरीपटावर, पलटणीच्या यादीत, सरकारी दप्तरात आडनाव लिहायची वेळ आली, तेव्हा काही घरांना कुळाचे आडनाव लागले, काहींना गावाचे लागले आणि काहींना हे कामाचे नाव कायमचे चिकटले. म्हणून येसकर आडनावाची दोन घरे एका कुळाची असतीलच असे नाही आणि एकाच भावकीत दोन आडनावे निघाली तर नवल वाटायला नको.

गावकुसाशी आमच्या माणसांचे नाते किती जुने, याची आठवण चोखोबांच्या मरणात आहे. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर संत चोखामेळा गेले, असे परंपरा सांगते. साल १३३८ दिले जाते. ज्या भिंतीच्या आत त्यांना जागा नव्हती ती बांधता बांधताच त्यांचा अंत झाला.

तराळ

तराळ म्हणजेही असाच गावचा सेवक. काही भागांत येसकराला तराळच म्हणत, तर काही ठिकाणी निरोप्याचे आणि वाटाड्याचे काम तराळाकडे असे. हा शब्द मराठी साहित्यात मानाने नेऊन बसविला तो शंकरराव खरात यांनी. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीचे हे तराळाचे पुत्र. १९२१ साली जन्मले, वकील झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९८४ साली जळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले 'तराळ अंतराळ'. एवढ्या पदांवर चढलेल्या माणसाला वडिलांचे काम लपवता आले नसते काय? त्यांनी ते पुस्तकाच्या कपाळावर लिहिले.

पाटलाचे वतन आणि महाराचे वतन

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाटील आणि येसकर ही दोन्ही वतनाची नावे. दोघेही एकाच गावगाड्याचे नोकर. इंग्रजी अमदानीत १८७४ चा वतन कायदा झाला, तो दोघांनाही लागू होता. पण पाटीलकी हा वरचा हुद्दा ठरला आणि महारकी कनिष्ठ. पाटलाच्या वतनाला मान होता, अधिकार होता. महाराच्या वतनात काम किती, वेळ कोणती, याला काही धरबंधच नव्हता. रात्री-बेरात्री बोलावणे आले की उठायचे. घरचा कर्ता बाहेरगावी असेल तर त्याच्या बापाने नाहीतर मुलाने जायचे. नाही म्हटले की बलुते बंद.

बाबासाहेबांनी हे दुखणे अचूक ओळखले होते. १९२७ साली सुरू केलेल्या 'बहिष्कृत भारत' पाक्षिकातून त्यांनी महार वतनावर लिहिले आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे बिल मांडले. कामे ठरवून द्या, दारोदारच्या बलुत्याऐवजी रोख मोबदला द्या आणि ज्याला ही नोकरी नको असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवू द्या व गावकीतून मोकळे करा, असा त्या मागणीचा रोख होता. विरोध इतका झाला की १९२९ साली ते बिल परत घ्यावे लागले. पण लढा थांबला नाही. पुढे सरकारने वतनी जमिनींवर जादा आकारणी बसविली. तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये नगर जिल्ह्यात हरेगावला आणि ऑगस्ट १९४१ मध्ये आमच्याच नाशिक जिल्ह्यात सिन्नरला वतनदारांच्या परिषदा झाल्या. दोन्ही ठिकाणी बाबासाहेब स्वतः आले होते. काळाराम मंदिर सत्याग्रह आणि १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा आपण दरवर्षी आठवतो. सिन्नरची परिषदही तितक्याच अगत्याने आठवली पाहिजे, कारण ती आमच्या भाकरीची आणि जमिनीची परिषद होती.

अखेर मुंबई राज्याने १९५८ साली कनिष्ठ गाव वतने रद्द करण्याचा कायदा केला आणि तो १९५९ पासून अमलात आला. येसकराची सक्तीची पाळी कायद्याने संपली. ठरावीक रक्कम भरल्यावर वतनाच्या जमिनी मूळ वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली. त्यांच्या हस्तांतरावर मात्र कलेक्टरांच्या परवानगीची अट राहिली. त्याआधी १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतन गेले होते आणि पुढे १९६२ च्या कायद्याने महसुली पाटीलकीही गेली.

म्हणजे आज कोणत्याही कुलकर्ण्याकडे त्या वतनाचे दप्तर नाही, कोणत्याही पाटलाकडे महसुली पाटीलकी नाही आणि कोणत्याही येसकराकडे वेस नाही. तिघांचेही वतन कायद्याने गेले. राहिले ते फक्त आडनाव. तरी पहिली दोन नावे लोक दाराच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहितात आणि तिसरे नाव सांगताना मुलगा चाचरतो. हा फरक त्या शब्दांत नाही. तो त्या कामावर लादलेल्या सक्तीतून आणि अस्पृश्यतेतून आलेला आहे. ज्याने राखण केली त्याने लाजायचे आणि ज्यांनी त्याला बाहेर ठेवले त्यांनी मिरवायचे, हा न्याय आम्हांला मान्य नाही.

त्रिरश्मीच्या लेण्यांतील कामकरी

कामाचे नाव सांगण्यात कमीपणा नसतो, याचा पुरावा नाशिककरांना दूर शोधायला नको. मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या डोंगरात कोरलेल्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. तेथील शिलालेखांत या डोंगराचे नाव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी, असे आहे. ही २४ लेणी बौद्ध भिक्खूंसाठी कोरली गेली. दान देणारांनी आपली नावे भिंतींवर लिहवून ठेवली आणि नावाबरोबर आपले कामही लिहविले. एक लेणे मुगुदास नावाच्या माणसाने कुटुंबासह दान दिले. तो दासक, म्हणजे मासे धरणारा, होता असे अभ्यासक सांगतात. दुसऱ्या लेखात लेखक शिवमित्राचा मुलगा रामण्णक भेटतो. भांडागारिकाची बायको भट्टपालिका भेटते.

याहून मोलाची गोष्ट नहपान क्षत्रपाच्या जावयाच्या, उषवदाताच्या लेखात आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी त्याने ३००० कार्षापण नाणी भिक्खूसंघासाठी कायमची ठेव म्हणून ठेवली. कोणाकडे? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. गोवर्धन हे गाव आजही नाशिकजवळ आहे. एका श्रेणीकडे २००० ठेवली, दरमहा शेकडा एक दराने. त्याचे वर्षाचे व्याज होते २४०. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२, म्हणजे बरोबर २४०. उरलेली १००० दुसऱ्या श्रेणीकडे होती. पुढे तिसऱ्या शतकात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी ठेवी ठेवल्या. त्या घेणाऱ्यांत पाण्याची यंत्रे करणारे होते, तेल गाळणारे होते.

त्या काळी समाजात उच्चनीच भाव नव्हताच, असे आमचे म्हणणे नाही. पण हाताने काम करणाऱ्यांची पत एवढी होती की राजाच्या जावयाचा पैसा ते सांभाळीत आणि त्यांचे नाव विहाराच्या भिंतीवर कोरले जाई. कोळिक, तेली, लेखक ही तेव्हा कामाची नावे होती. मुले शाळेच्या सहलीने तेथे जातात, थंड सावलीत डबा खातात आणि परत येतात. पुढच्या वेळी आईवडिलांनी त्यांना हे लेख दाखवावेत आणि सांगावे, की बाळांनो, हे बघा कामकरी माणसांचे हस्ताक्षर.

मग आडनाव बदलावे की ठेवावे?

हा प्रश्न घरोघर निघतो आणि त्यावरून बापलेकांत वादही होतात. आमचे मत असे की आडनाव बदलणे हा ज्याचा त्याचा हक्क आहे. जे नाव दुसऱ्यांनी लादले ते आपण टाकावे, यात गैर काही नाही. ज्या गावकीने माणूसपण नाकारले तिची खूण नको, असे १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेकांना वाटले, ते स्वाभाविक होते. शासनानेही डिसेंबर २०२० मध्ये महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती अशी वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला.

मात्र बदलताना मनात काय आहे, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. स्वाभिमानाने बदललेले नाव माणसाला सरळ उभे करते. भीतीपोटी बदललेले नाव त्याला कायम दाराआड उभे करते, कारण कोणी ओळखील काय, हा धाक जन्मभर सुटत नाही. आमच्या नाशिकचे बाबूराव बागूल यांनी १९६३ साली आपल्या कथासंग्रहाला 'जेव्हा मी जात चोरली होती!' हे नाव दिले. चोरी हा शब्द त्यांनी उगाच वापरलेला नाही. जात लपवावी लागलेल्या माणसाच्या जिवाची घालमेल त्यांना ठाऊक होती.

ज्यांनी बदलायचे ठरवले असेल त्यांनी ते तोंडी ठेवू नये. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात रीतसर जाहिरात द्यावी आणि तिची प्रत जपून ठेवावी. जुने कागद चुकूनही फाडू नयेत. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नक्कल, जमिनीचे जुने फेरफार यांची किंमत जात पडताळणीच्या वेळी कळते. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. जुन्या कागदात आडनावाच्या जागी नुसते कामाचे नाव असू शकते. ज्या नावाची लाज वाटून कागद माळ्यावर फेकला, तेच नाव उद्या नातवाच्या शिक्षणाला किंवा वतनाच्या जमिनीच्या वारसहक्काला आधार देईल.

आणि ज्यांनी येसकर, वेसकर, तराळ ही नावे ठेवली आहेत त्यांना आम्ही एवढेच सांगू, की मुलाला त्याचा अर्थ तुम्ही सांगा, वर्गातल्या कोणी टोमणा मारून सांगण्याआधी सांगा. त्याला सांगा की तुझे पणजोबा रात्रभर जागत होते म्हणून गाव झोपत होता. त्यांना सक्तीने राबवले, तो अन्याय होता. त्या अन्यायाविरुद्ध तुझ्याच लोकांनी सिन्नरला परिषद भरवली आणि शेवटी ते वतन कायद्याने गेले. एवढे ठाऊक असलेला मुलगा हजेरीच्या वेळी आपले आडनाव खणखणीत आवाजात सांगेल.

घरात ऐंशी-नव्वदीची आजी किंवा आजोबा असतील तर या रविवारी त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. आपल्या घरी पाळी केव्हा होती, वेस कोणत्या बाजूला होती, काठी कोणाच्या हाती होती, शेवटची भाकरी मागायला कोण गेले होते आणि मागणार नाही असे आधी कोण म्हणाले, हे त्यांच्याकडून ऐकून लिहून घ्या. वेस पडली, काठी मोडली. हे सांगणारी माणसे आहेत तोवर लिहून ठेवले पाहिजे.